अंगठ्याची दोरी

(मिरजेतला एक दवाखाना, दुपार. नाक-कान-घशाच्या डॉक्टर उत्कर्षा यांच्यासमोर जत भागातले मेंढपाळ जोतीराम आणि त्यांची बायको हरणाबाई.)

जोतीराम: तर मंग तारीख द्या, ताई. कापायचं म्हंजी कापायचं. त्यात किती दिस इचार करत बसायचं?

डॉक्टर: काका, काय कापायचं ते आधी नीट समजून घ्या. मागच्या वेळी मी समजावत होते आणि तुम्ही मान हलवत होता. मला वाटलं, ऐकताय.

हरणाबाई: झोपलं हुतं त्ये.

जोतीराम: डुलकी लागली जरा.

हरणाबाई: मान हालली की समजायचं, झोपलं. जागं आसलं की वाद घालत्यात.

डॉक्टर: म्हणून आज परत सांगते. झोपेत तुमचा घसा मागच्या बाजूला ढिला पडून बंद होतो. श्वास अडतो. मग शरीर दचकतं, श्वास सुरू होतो, घोरणं सुरू होतं, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. तुम्हाला वाटतं रात्रभर झोपलो. खरं तर रात्रभर तुम्ही झोपेच्या उंबऱ्यातच उभे असता. म्हणून दिवसा डोळे मिटतात.

जोतीराम: दिवसाची तर लय फजिती झाली, ताई. परवा बेडगच्या अलीकडं एका द्राक्षाच्या बागंला लागून मेंढरं चारत हुतो. काठीवर हनुवटी टेकली आन गेलो. डोळं उघडलं तवा बागवाला म्होरं उभा, आन मेंढरं त्येच्या बागंत. म्हणलं आता हाणतंय ह्ये. तर त्यो मलाच हालवून इचारतुया, पावणं, जित्तं हाय न्हवं? त्येला वाटलं मी उभ्या उभ्याच गेलो. मेंढरांचं इसरूनच गेला बिचारा. च्या पाजला मला.

हरणाबाई: हसायची गोष्ट न्हाई ती. आन कॅनॉलचं सांगा की.

जोतीराम: त्ये कशाला आता.

हरणाबाई: मी सांगते. कॅनॉलच्या काठाला बसल्या बसल्या झोपलं, ताई. कललं पाण्याकडं. कुत्र्यानं धोतराचा सोगा धरून वढला म्हणून आज ह्ये इथं बसल्यात. तवा मी म्हणलं, आता दवाखाना.

डॉक्टर: बरोबर केलंत. आता बघा, या त्रासावर पहिला उपाय मास्कचं मशीन. रात्री नाकावर मास्क लावायचा, मशीन हवेचा दाब देतं, घसा उघडा राहतो. कापाकाप काही नाही.

जोतीराम: त्ये नगं म्हणून सांगितलंय मी आधीच.

डॉक्टर: का नको, ते एकदा नीट सांगा.

जोतीराम: आवं, दिवाळी झाली की आमी मेंढरं घिऊन कृष्णाकाठाला उतरतू. चार म्हैनं भाईर. आज ह्येच्या रानात, उद्या त्येच्या रानात मेंढरं बसवायची. रानाला खत, आमाला दाणं. तिथं लाईट कुठली? वर चांदण्या आन खाली ढेकळं. मशीन काय बोरीच्या झाडाला लावू? पोरगा म्हणतुया, आबा, मेंढरं इका आन गप घरी बसा. मेंढरं इकून मी काय करू? दिसभर कॉटवर बसून झोपू? ऑपरेशन करा. एकदाच काय त्ये दुखंल, आन मी माझ्या वाटंला लागतू.

डॉक्टर: बरं. मग ऑपरेशनचं ऐका. एकच ऑपरेशन नसतं. घसा जिथं बंद होतो, तिथलं करावं लागतं. तुमच्यासाठी मी विचार करत होते टाळूच्या मागच्या भागाचा. पडजिभेच्या आजूबाजूचं मांस सैल झालंय, ते टाके घालून ताणून बसवायचं. टॉन्सिल मोठे आहेत, तेही काढायचे. दोन आठवडे घसा चांगलाच दुखतो. गिळायला त्रास. कुणाकुणाला काही दिवस पाणी पिताना नाकातून येतं. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटत राहतं, ते बऱ्याच जणांचं जातं, एखाद्याचं जात नाही.

हरणाबाई: आन गुण किती?

डॉक्टर: चांगला प्रश्न विचारलात. ज्यांचा त्रास कमी आहे, त्यांना बऱ्यापैकी. ज्यांचा जास्त आहे, त्यांना नुसत्या टाळूच्या ऑपरेशननं पुरेसा येत नाही. आणि आलेला गुण वर्षं गेली की कमी होऊ शकतो. काकांची तपासणी आपण घरी केली, बोटाला, नाकाला आणि छातीला वायरी लावून. त्यात त्रास सौम्य आलाय. म्हणजे थोडका. म्हणून मी या ऑपरेशनला तयार झाले, नाहीतर झाले नसते.

जोतीराम: ऐकलंस? थोडका हाय.

हरणाबाई: ऐकलं. पर गळ्याला सुरी लागणार म्हणल्यावर मला न्हाई पटत. जनम मेंढरांत गेला माझा, ताई. गळ्यावर सुरी गेली की काय हुतंय त्ये मला कुणी सांगाय नगं.

डॉक्टर: बाहेरून नाही, मावशी. तोंड उघडून आतून. मानेवर ओरखडासुद्धा नाही. भीती वेगळ्या गोष्टीची असते. पहिल्या काही रात्री घशाला आतून सूज असते. तीन-चार दिवस आम्ही इथंच ठेवू. पण घरी गेल्यावरही शेजारी कुणीतरी सावध पाहिजे. श्वास अडला वाटलं तर लगेच हलवून जागं करायचं.

हरणाबाई: त्येची काळजी सोडा. त्ये मी करतेच की. दोरी हाय.

डॉक्टर: कसली दोरी?

जोतीराम: ती व्हय? ती आपली रोजची दोरी.

डॉक्टर: रोजची म्हणजे?

जोतीराम: त्याचं आसं हाय, ताई. तळावर रातीला मेंढरं जाळीत कोंडायची. मी जाळीच्या ह्या अंगाला झोपणार, ही पोरं घिऊन त्या अंगाला, पालात. मधी मेंढरं. कुठं लांडगा आला, चोर आला, तर एकमेकाला जागं करायचं कसं? वरडलं की मेंढरं बुजत्यात. बुजली की जाळी तोडून रानोमाळ. मंग काय करायचं, एक बारीक दोरी. एक टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला, दुसरं हिच्या मनगटाला. तिनं वढली की मी उठायचं, मी वढली की तिनं. आमचा बा तेच करायचा, त्येचा बा तेच करायचा. 

डॉक्टर: आणि घरी? घरी तर मेंढरं मध्ये नसतात.

हरणाबाई: घरीबी हायच.

डॉक्टर: कशासाठी?

हरणाबाई: ह्येंचं घोरणं थांबतंय न्हवं मधीच. थांबलं की वढायची. एक झटका दिला की श्वास येतुया. आसं हालवून उठवलं तर चिडत्यात, उठून बसत्यात. दोरीनं झोपमोड हुत न्हाई. पाय हालवत्यात आन परत घोराय लागत्यात.

डॉक्टर: मावशी, एक सांगा. तपासणीच्या रात्री ही दोरी कुठे होती?

हरणाबाई: कुठं म्हंजी? अंगठ्याला.

जोतीराम: बोटाला तुमची वायर आन अंगठ्याला आमची.

डॉक्टर: आणि तुम्ही ओढत होता?

हरणाबाई: वढणार न्हाई तर काय करणार? वायरी लावाय आलेल्या सिस्टरबाईंनीच सांगितलं, रोज झोपता तसंच झोपा, कायबी बदलू नगा. मी म्हणलं, बरं हाय, काय बदलत न्हाई.

डॉक्टर: थांबा. तारीख लिहीत होते, पेन ठेवते खाली.

जोतीराम: काय झालं, ताई? 

डॉक्टर: काका, ते मशीन मोजतं श्वास किती वेळ अडला. थोडा वेळ अडून परत सुरू झाला तर ते मोजतच नाही. तुमचा श्वास अडला की मशीननं मोजायला लागायच्या आधी मावशी दोरी ओढत होत्या. त्यामुळे मशीनला वाटलं, या माणसाला विशेष काही नाही.

हरणाबाई: म्हंजी मी खोटं केलं व्हय?

डॉक्टर: तुम्ही खोटं केलं नाहीत. सांगितलं तेच केलंत. दोरी आहे का, हे विचारायचं आमच्यापैकी कुणाला सुचणार होतं? पण आज मी या कागदाच्या भरवशावर तारीख दिली असती. टाळू ओढून टाके घातले असते, काका घसा धरून तळमळले असते, आणि खरा त्रास तिथंच राहिला असता. 

जोतीराम: मंग तुमाला काय म्हणायचंय, थोडका न्हाई?

डॉक्टर: मला माहीत नाही. तेच तर कळलं पाहिजे. एक रात्र परत तपासणी करायची. दोरीशिवाय.

हरणाबाई: न्हाई.

डॉक्टर: मावशी...

हरणाबाई: न्हाई म्हणलं न्हवं. तुमी लय शिकलेल्या हाय, ताई, मला तुमचा मान हाय. पर त्ये जमायचं न्हाई. 

जोतीराम: आगं, एका रातीचा प्रश्न हाय.

हरणाबाई: तुमी गप बसा. तुमी झोपलेलं आसताय. तुमाला काय कळतंय काय हुतंय त्ये? ताई, आमची शिवांजली तान्ही हुती तवाची गोष्ट. म्हसवडच्या पलीकडं तळ हुता. ह्ये मेंढरांच्या त्या अंगाला, मी पालात. मला ह्येंचं घोरणं ऐकत झोपायची सवय. घोरणं चालू म्हंजी माणूस जाग्याव हाय, काळजी न्हाई. त्या राती घोरणं थांबलं. म्हणलं कूस बदलली आसंल. वाट बघितली. परत सुरू हुईना. कुत्रं उठून बसलं. मी दोरी वढली, कायबी न्हाई. परत वढली जोरात, तवा आसा एक श्वास घेतला ह्येंनी, पाण्यातनं वर आलेल्या माणसागत. माझी लेक आता लेकुरवाळी झाली. तवापासनं घरीबी माझ्या हाताला दोरी हाय. आन तुमी म्हणताय, एक रात वढू नगं. आन त्या एकाच राती न्हाई आला श्वास तर? कुणाला इचारू मी?

डॉक्टर: तुमचं भय खरं आहे. म्हणून घरी नाही करायचं. इथं करायचं, वॉर्डात. रात्रभर सिस्टर स्क्रीनसमोर बसलेली असेल. श्वास, रक्तातला ऑक्सिजन, छातीचे ठोके, सगळं तिच्यासमोर. धोका वाटला तर ती क्षणात उठवेल, ऑक्सिजन लावेल. मीही वरच्याच मजल्यावर असेन. तुम्ही काकांच्या शेजारी बसा. फक्त हात लावायचा नाही.

हरणाबाई: दोरी?

डॉक्टर: दोरी बांधायची नाही.

हरणाबाई: माझ्या मनगटाला ऱ्हाऊ द्या. दुसरं टोक मोकळं ठिवते. 

डॉक्टर: चालेल.

जोतीराम: आन मला कुणी इचारतंय का न्हाई?

हरणाबाई: झोपा तुमी.

(पुढच्या आठवड्यात, तीच खोली.)

डॉक्टर: या, बसा. मावशी, तुमचे डोळे लाल दिसतायत अजून.

जोतीराम: बोलतच न्हाई ती त्या दिसापासनं. दवाखान्यातनं भाईर पडलो, एसटीत बसलो, घरी गेलो, भाकरी टाकली, समदं मुक्यानं. मी इचारलं काय झालं, तर म्हणती काय न्हाई.

हरणाबाई: काय सांगायचं त्यात?

डॉक्टर: मला सांगा. मला उपयोग होईल.

हरणाबाई: पैल्यांदा घोरणं थांबलं आन हात आपुआपच वढला गेला. मोकळी दोरी आली हातात. त्ये बघून मला कसंतरीच झालं. मंग पदर तोंडात धरला. सिस्टरबाई चांगली हुती, कडेगावाकडची. तिनं मला टीवीम्होरं न्हेऊन बसवलं, म्हणाली, मावशी, हितं बघा, ही रेघ सपाट झाली म्हंजी श्वास थांबला. आता बघत ऱ्हावा, त्ये आपलं आपण घेत्यात का न्हाई. मी बघत बसले. रेघ काय वर यीना. मी मनात सिद्धनाथाला किती नवस बोलले, आता आठवत न्हाईत, फेडायचं कसं कुणास ठावं. आन मंग आली वर. एकदम. आपलं आपणच घेतला ह्येंनी. परत थांबला, परत घेतला. सकाळपातूर त्येच. 

जोतीराम: मंग घेतो की मी आपला आपण. उगं घाबरतीस.

हरणाबाई: घेताय, पर किती उशिरा घेताय. काळं पडतंय तोंड तुमचं. ताई, मला तर वाटायचं मी वढते म्हणून ह्ये जगत्यात. 

डॉक्टर: तसं नाही. पण तुम्ही ओढत होता म्हणून प्रत्येक वेळी श्वास लवकर येत होता, हेही खरं आहे. काका, आता तुम्ही ऐका. त्रास थोडका नाही. तीव्र आहे. रात्रभरात शेकडो वेळा श्वास अडतो. ऑक्सिजन इतका खाली जातो की ते पाहून मी सिस्टरला दोनदा फोन केला. हे असंच ठेवलं तर उद्या रक्तदाब, हृदय, मेंदूचा झटका, काहीही होऊ शकतं.

जोतीराम: किती येळा म्हणला?

डॉक्टर: शेकडो.

जोतीराम: न्हाई, म्हंजी... हरणे, तू रोज इतक्या येळा वढतीस?

हरणाबाई: मोजलंय कुणी?

जोतीराम: मला वाटायचं तुला झोपच कमी हाय. मी गावभर सांगत हिंडलो, आमच्या मंडळीला झोप लागत न्हाई, त्येच्यावर काय औशिद आसंल तर सांगा. म्हसवडच्या जत्रंतनं झाडपाल्याचं औशिद आणलं तुझ्यासाठी. तू पिलीसबी.

हरणाबाई: आणलं हुतं म्हणून पिले.

जोतीराम: एकदा म्हणायचं तरी हुतंस.

हरणाबाई: काय म्हणायचं? तुमी झोपा, मी जागते, आसं? दिसभर मेंढरांमागं चालणार तुमी. 

डॉक्टर: पाणी घ्या, काका. घाई नाही.

जोतीराम: नगं. बोला तुमी. आता काय कापायचं त्ये सांगा. सगळं कापा म्हणलं तरी बसतू.

डॉक्टर: सगळं कापून भागत नाही. नुसतं टाळूचं ऑपरेशन आता मी करणार नाही, तुम्ही मागितलं तरी. तुमची हनुवटी आत आहे, त्यामुळे जीभसुद्धा मागे पडते आणि घसा तिथंही बंद होतो.

जोतीराम: आमच्या भावकीत समद्यांची हनुवटी आशीच हाय. मिशा ठेवतू त्या उगं न्हाई.

डॉक्टर: मग समद्यांना एकदा तपासून घ्यायला सांगा. आता, मोठं ऑपरेशन म्हणजे जबड्याचं. वरचा आणि खालचा, दोन्ही जबडे कापून पुढे सरकवायचे आणि पट्ट्या-स्क्रूनं बसवायचे. घसा खरोखर मोकळा होतो, गुण चांगला येतो. पण महिना-दीड महिना पातळ खायचं, ओठ-हनुवटी बधिर राहू शकते, चेहरा बदलतो. 

हरणाबाई: म्हंजी ओळखू यायचं न्हाईत?

डॉक्टर: ओळखू येतील, पण वेगळे दिसतील. छातीत बॅटरी बसवून जिभेच्या नसेला झटका देणारं एक यंत्र असतं. म्हणजे मावशींची दोरीच, आतून बसवलेली. पण ते तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही आणि इथं मिळतही नाही. राहिलं मास्कचं मशीन.

जोतीराम: फिरून तिथंच आलो.

डॉक्टर: हो. कारण इतक्या तीव्र त्रासाला तेच सगळ्यात खात्रीचं आहे. मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, लाईट नाही. ते मी विचारून ठेवलंय. हे मशीन बॅटरीवर चालतं. तळावर मोबाईल कशावर चार्ज करता?

जोतीराम: सोलरची प्लेट हाय. दिसभर घोड्याच्या पाठीवर बांधतू.

डॉक्टर: तसलीच, जरा मोठी प्लेट आणि मोठी बॅटरी. रात्र निघेल. 

जोतीराम: आन नाकानं वारं घ्यायचं म्हणताय, तर माझं एक नाक बंदच हाय. 

डॉक्टर: तेच आता सांगणार होते. तुमच्या नाकाचा आतला पडदा पार एका बाजूला वाकलाय. कधी मार लागला होता का?

हरणाबाई: एडक्यानं हाणलंय. लगीन ठरलं तवाच. वाकड्या नाकानं उभं ऱ्हायलं हुतं बोहल्याव.

जोतीराम: कोकरापासनं पाळलेला एडका हुता त्यो. चूक माझीच हुती, माजावर आलेल्याच्या म्होरं उभा ऱ्हायलो.

डॉक्टर: तर माझं मत असं. एक छोटं ऑपरेशन करू, नाकाचा पडदा सरळ करायचं. त्यानं हा आजार जाणार नाही, हे आत्ताच सांगते. पण नाक मोकळं झालं की मास्क सोसेल. नाक बंद ठेवून मास्क दिला तर तुम्ही दोन रात्रींत काढून फेकाल. टाळू, जबडा, सगळं राहू द्या. मास्क जमलाच नाही, तर वर्षभरानं परत बसू आणि जबड्याचा विचार करू. 

जोतीराम: मास्क लावला की घोरणं थांबतंय का?

डॉक्टर: थांबतं.

जोतीराम: आन हिला दोरी वढाय लागायची न्हाई?

डॉक्टर: नाही लागणार.

जोतीराम: मंग काय इचारताय मला? नाकाची तारीख द्या.

हरणाबाई: आवं, घरी तर मास्क बघून मेंढरं बुजतील म्हणत हुता.

जोतीराम: बुजू द्यात. धरून आणतू मी परत.

(दिवाळीनंतर महिनाभरानं. तीच खोली.)

डॉक्टर: नाक छान बसलंय. दोन्हीकडून हवा येतेय. तळ कुठं आहे सध्या?

जोतीराम: कऱ्हाडाच्या खाली, ऊस तुटलेल्या रानात. पोरगा थांबलाय मेंढरांवर म्हणून दोघं आलो. मेंढरं इका म्हणणारा पोरगा.

डॉक्टर: आणि मशीन?

जोतीराम: पैल्या राती कुत्रं भुकलं माझ्यावर. मेंढरं समदी उठून उभी. त्येंचंबी काय चुकलं? सोंडंवाला मालक कवा बघितला हुता त्येंनी? दोन-चार दिसांत सराव झाला. दिसा झोप न्हाई आता, ताई. काठीवर हनुवटी टेकतू, तर कंटाळा येतुया. 

डॉक्टर: आणि मावशी, तुम्ही?

हरणाबाई: माझं आवघडच झालं उलट.

डॉक्टर: का बरं?

हरणाबाई: आवाजच बंद झाला की, ताई. इतकी वर्सं घोरणं थांबलं म्हंजी श्वास थांबला, आसं कान शिकलेला. आता तर घोरणंच न्हाई. गप्प. मी घाबरून वढायची. ह्ये उठून बसायचं. झोपलं की परत वढायची.

जोतीराम: मास्कशिवाय जेवढं उठत न्हवतो तेवढं मास्क लावून उठलो पैल्या आठवड्यात.

डॉक्टर: मग काय केलंत?

हरणाबाई: त्या सिस्टरबाईला फोन लावला. ती म्हणाली, मावशी, घोरणं ऐकू नगा, मशीनचं ऐका. हवा आत जाती, भाईर येती, त्येचा बारीक आवाज हाय, त्यो ऐका. मी एक रात ह्येंच्या उशाशीच बसून ऐकला त्यो. मंग पालात जाऊन, कान लावून. लांबनं कळाय लागला. धुणं वाऱ्यावर हालावं तसला आवाज हाय.

डॉक्टर: म्हणजे आता झोप लागते?

हरणाबाई: (पदर तोंडाला लावून) आता काय सांगू, ताई!

डॉक्टर: हसताय का, मावशी?

हरणाबाई: ह्येंनाच इचारा.

जोतीराम: मी सांगतू. परवाची गोष्ट. मला जाग आली तर उजाडलेलं. मास्क काढला. म्हणलं च्या झाला आसंल. चूल थंड. लगीन झाल्यापासनं ही माझ्या मागनं उठली, आसं एक दिस झालं न्हाई, ताई. पालाकडं बघतू तर हालचाल न्हाई. हाक मारली बारीक. न्हाई. मधी मेंढरं, पालातलं काय दिसंना. मोठ्यानं वरडावं तर बुजत्यात. 

डॉक्टर: मग?

जोतीराम: दोरी वढली. कायबी न्हाई. परत वढली. 

हरणाबाई: मला वाटलं लांडगाच आला.

जोतीराम: हात भाईर काढला हिनं, पालातनं. म्हणलं, आगं, दिस केवढा वर आलाय. तर म्हणती कशी...

हरणाबाई: झोपू द्या म्हणलं. दुसरं काय न्हाई म्हणलं.

डॉक्टर: आणि झोपलात परत?

जोतीराम: झोपली की. मी आपला पालाम्होरं जाऊन दोरी हातात धरून बसलो, तिचा श्वास ऐकत. मेंढरं त्या दिशी लय उशिरा सुटली.